गोव्यातल्या भागधारकाने उच्च न्यायालयाचा निवाडा कसा वाचावा, कुठे वापरावा

सभेची नोटीस आली नाही, नवे शेअर परस्पर काढून आपला टक्का खाली आणला, वडिलांच्या पश्चात त्यांचे शेअर एकाच भावाच्या नावावर गेले, की गोव्यात पहिला विचार होतो तो ‘पर्वरीला केस घालूया’ असा. पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ आहे. पण भागधारकाच्या बहुतेक तक्रारींची सुरुवात आता तिथे होत नाही. १ जून २०१६ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, सुरू झाले आणि गोव्यात नोंदलेल्या कंपन्या त्याच्या मुंबई पीठाखाली आल्या. विलीनीकरणाच्या योजना आणि भांडवल कपात हे विषयही १५ डिसेंबर २०१६ पासून तिकडे गेले. त्याआधी हे काम उच्च न्यायालय करत असे. सेसा गोवा आणि स्टरलाइट यांच्या एकत्रीकरणाला २०१३ मध्ये मंजुरी दिली ती मद्रास उच्च न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने.

अधिकार हलला तरी निवाडे मागे राहिले. सभा कुणी बोलवायची, शेअर विकण्यावर किती बंधन घालता येते, नॉमिनी हा मालक होतो का, लवादाकडे कोणता वाद जातो, या प्रश्नांची उत्तरे उच्च न्यायालयाने दिलेली आहेत आणि मुंबईतल्या एनसीएलटीपुढे उभे राहायचे तर तीच हातात असावी लागतात. ती कशी शोधायची, जिवंत आहेत का ते कसे तपासायचे आणि आपल्या कागदांशी कशी जुळवायची, ते पुढे सांगितले आहे. ही माहिती वकिलाची जागा घेत नाही. मात्र वकिलाकडे जाताना काय घेऊन जायचे, ते यातून कळेल.

आधी दार ठरवा

कंपनी कायदा, २०१३ चे कलम ४३० असे सांगते की जो विषय ठरवण्याचा अधिकार एनसीएलटीला आहे, त्यात दिवाणी न्यायालयाने हात घालायचा नाही आणि मनाईहुकूमही द्यायचा नाही. शशी प्रकाश खेमका विरुद्ध एनईपीसी मायकॉन या २०१९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन सभासद नोंदवहीच्या दुरुस्तीला लागू केले. त्यामुळे म्हापसा किंवा मडगावच्या दिवाणी न्यायालयात ‘माझे नाव नोंदवहीत परत लावा’ असा दावा लावला, तर समोरचा पहिल्याच तारखेला कलम ४३० काढतो. दावा फेटाळला जाईपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज जातात आणि मुदतीचे घड्याळ थांबत नाही.

म्हणून तक्रारीचे तुकडे करा. दडपशाही व गैरव्यवस्थापन (कलम २४१), नोंदवही दुरुस्ती (कलम ५९) आणि शेअर हस्तांतराला नकार (कलम ५८) हे तीन विषय एनसीएलटीचे. भागधारकांमध्ये झालेल्या कराराचा भंग हा ‘व्यावसायिक वाद’ आहे. त्याचे मूल्य तीन लाख रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर तो व्यावसायिक न्यायालयात जातो. तिथे तातडीची अंतरिम मागणी नसेल तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ खाली आधी मध्यस्थी करावीच लागते. पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनिअर्स (२०२२) नंतर ती टाळून लावलेला दावा दाखल करतानाच फेटाळला जातो. वारसाहक्काने शेअर कुणाचे, हा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा. गोव्यात तो बहुतेक वेळा इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसा मालमत्तेची यादी करून वाटप करण्याच्या न्यायालयीन कारवाईत, सुटतो. सरकारी अधिकाऱ्याची किंवा कंपनी निबंधकाची कृतीच बेकायदा असेल तर मात्र पर्वरीचा रस्ता उघडा राहतो. त्याबद्दल पुढे.

कलम ५८ च्या मुदती पाठ असू द्या. प्रायव्हेट कंपनीने हस्तांतर नाकारल्याची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचे असते. नोटीसच आली नाही, तर कागद कंपनीला दिल्यापासून ६० दिवसांत. एसएच-४, म्हणजे शेअर हस्तांतराचा फॉर्म, सही झाल्यापासून ६० दिवसांच्या आत कंपनीकडे पोचलेला हवा. या कलमाखालच्या चांगल्या तक्रारी हातच्या जातात त्या याच दिवसांत, कारण ‘काकांशी बोलून बघू’ म्हणत आठवडे निघून जातात. बोलणी जरूर करा, पण कागद मुदतीत टाकून.

कुणाचा निवाडा कुणावर बांधील

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा ही एकाच उच्च न्यायालयाची पीठे आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंचही त्यात आले. त्यामुळे गोव्याच्या कंपनीला मुंबईत बसलेल्या न्यायमूर्तींचा निवाडा तितकाच लागू होतो जितका पर्वरीचा. ‘हा गोव्याचा निवाडा नाही’ हा आक्षेप टिकत नाही. दिल्ली, मद्रास किंवा गुजरातचा निवाडा मात्र इथे बांधील नसतो, मन वळवण्यापुरता वापरता येतो. याला एक अपवाद सांगितला जातो: कुसुम इनगॉट्स (२००४) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की संसदेच्या कायद्याच्या घटनात्मक वैधतेवर एका उच्च न्यायालयाने दिलेला आदेश देशभर परिणाम करतो.

न्यायाधिकरणाचे काय? ईस्ट इंडिया कमर्शियल कंपनी (१९६२) पासून तत्त्व असे आहे की ज्या उच्च न्यायालयाच्या देखरेखीखालच्या प्रदेशात न्यायाधिकरण बसते, त्या न्यायालयाने सांगितलेला कायदा त्याला मानावा लागतो. एनसीएलटीचे मुंबई पीठ मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रदेशात आहे. अपील दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलएटीकडे, जाते (मुदत ४५ दिवस, पुरेसे कारण असल्यास आणखी ४५ पर्यंत). म्हणून सुरुवातीलाच मुंबईच्या निवाड्याच्या जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा आधार शोधून ठेवावा.

एकल न्यायमूर्ती आणि द्विसदस्यीय खंडपीठ (पुढे नुसते ‘खंडपीठ’ म्हणजे हेच) यांत फरक पडला तर खंडपीठाचे चालते. दोन खंडपीठांत मतभेद असेल तर नंतरच्या खंडपीठाने विषय मोठ्या पीठाकडे पाठवायला हवा. तसे न करता वेगळे मत दिले असेल, तर त्या निवाड्यावर सगळी मदार ठेवू नका.

शोधणे आणि जिवंत आहे का ते पाहणे

मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आणि ई-कोर्ट्सच्या निवाडा पोर्टलवर निवाडे फुकट मिळतात. सर्वोच्च न्यायालयाचे ई-एससीआरवर. अलीकडच्या निवाड्यांना तटस्थ क्रमांक असतो: आधी वर्ष, मग बीएचसी, मग पीठाची खूण (गोव्यासाठी गोवा, मुंबईच्या मूळ शाखेसाठी ओएस, अपील शाखेसाठी एएस), मग अनुक्रमांक, आणि खंडपीठाचा असेल तर शेवटी डीबी. या एका ओळीवरून निवाडा कुठला आणि किती न्यायमूर्तींचा हे कळते. शोध घेताना पक्षकारांच्या नावापेक्षा कलमाचा आकडा आणि दोन नेमके शब्द टाका. २०१३ च्या कायद्याचे कलम शोधताना १९५६ च्या कायद्यातले जुने कलमही शोधा, कारण महत्त्वाचे निवाडे जुन्या आकड्याखाली पडलेले असतात: आजचे कलम २४१ म्हणजे जुने ३९७ आणि ३९८, आजचे १०० म्हणजे जुने १६९, आजचे ५९ म्हणजे जुने १११ व १११अ मधला भाग.

निवाडा सापडला की तो पुढे टिकला का, हे पाहिल्याशिवाय त्यावर बोट ठेवू नका. याचे सगळ्यात बोलके उदाहरण नॉमिनीचे आहे. हर्षा नितीन कोकाटे विरुद्ध सारस्वत सहकारी बँक या २०१० च्या निवाड्यात मुंबईच्या एकल न्यायमूर्तींनी म्हटले की भागधारक गेल्यावर शेअर पूर्णपणे नॉमिनीचे होतात, वारसांचा हक्क राहत नाही. अनेक कुटुंबांनी त्यावर विसंबून नॉमिनेशन केले. मग १ डिसेंबर २०१६ रोजी शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या प्रकरणात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते मत चुकीचे ठरवले. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचे म्हणणे कायम केले. आज नॉमिनी म्हणजे कंपनीकडून शेअर स्वीकारणारा माणूस. मालकी वारसा कायद्याने ठरते. कोकाटे निवाडा इंटरनेटवर अजून सापडतो आणि काही कंपन्यांची उत्तरे अजूनही त्याच्याच भाषेत येतात. अशा पत्राला उत्तर देताना तिन्ही तारखा ओळीने लिहाव्या.

दोन बारकावे सांगायला हवेत. सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती याचिका (अपील करू द्यावे अशी विनंती) एका ओळीत फेटाळली, तर उच्च न्यायालयाचा निवाडा त्यात विलीन होत नाही (कुन्हयम्मद, २०००). म्हणजे ‘सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले’ असे लिहिणे चूक. आणि निवाड्याला स्थगिती मिळाली म्हणजे तो पुसला गेला असेही नाही (श्री चामुंडी मोपेड्स, १९९२). त्या पक्षकारांपुरती अंमलबजावणी थांबते. दोन्ही गोष्टी समोरचा वकील उलट्या सांगू शकतो.

एक निवाडा नीट वाचून पाहू: इन्व्हेस्को आणि झी

छोट्या भागधारकासाठी हा निवाडा फार मोलाचा आहे. झी एंटरटेनमेंटमध्ये इन्व्हेस्को आणि तिच्या सोबतच्या फंडाचे मिळून सुमारे १८ टक्के शेअर होते. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी कलम १०० खाली असाधारण सभेची मागणी केली: व्यवस्थापकीय संचालकाला काढा, सहा स्वतंत्र संचालक नेमा. संचालक मंडळाने नकार दिला आणि कंपनी उच्च न्यायालयात गेली. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी एकल न्यायमूर्तींनी सभेला मनाई केली. २२ मार्च २०२२ रोजी खंडपीठाने ती उठवली.

वाचताना चार गोष्टी वहीत उतरवा. प्रश्न काय होता: कलम १०० मधली ‘वैध मागणी’ म्हणजे काय? उत्तर काय: संख्येची आणि कार्यपद्धतीची अट पूर्ण झाली की मागणी वैध, ठराव शहाणपणाचा आहे का, हे मंडळाने ठरवायचे नाही. आधार काय: एलआयसी विरुद्ध एस्कॉर्ट्स हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा, ज्यात म्हटले आहे की भागधारकाला सभा मागण्याची कारणे द्यावी लागत नाहीत. आणि मर्यादा काय: ठराव मंजूर झाला तर तो कायद्याने अमलात आणता येतो, असे खंडपीठाला तिथे दिसले होते. हा चौथा मुद्दा सोडून दिला की निवाडा हवा तसा ताणला जातो. मुळातच बेकायदा असलेल्या ठरावासाठी कंपनीला सभा बोलवायला लावता येईल, असे यातून निघत नाही.

आता हे तुमच्या कंपनीला लावा. मतदानाचा हक्क असलेल्या भरणा भांडवलाच्या किमान दहाव्या हिश्श्याचे शेअर मागणी करणाऱ्यांकडे हवेत. मागणीत विषय लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ती नोंदणीकृत कार्यालयात पोचती करा. समजा, १ जूनला पोचली. मंडळाने २१ दिवसांत, म्हणजे २२ जूनपर्यंत, सभा बोलावण्याची पावले टाकायला हवीत आणि मागणी पोचल्यापासून ४५ दिवसांत, १६ जुलैपर्यंत, सभा व्हायला हवी. मंडळ गप्प बसले तर मागणी करणारे स्वतः सभा बोलावू शकतात, पण मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत. ती नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच शहरात घ्यावी लागते. कंपनी पणजीची असेल तर सोयीसाठी मडगावला सभा लावू नका. नोटीस पूर्ण २१ दिवसांची. नोटिसीचा आणि सभेचा दिवस त्यात धरायचा नाही.

संचालकाला काढायचा ठराव असेल तर कलम १६९ आणि ११५ खाली विशेष नोटीसही लागते, सभेच्या किमान १४ दिवस आधी. सभेची मागणी तोलामोलाची केली आणि ही नोटीस विसरली, तर सगळी मेहनत पाण्यात.

कुटुंबाच्या कंपनीत १२ टक्क्यांवर सभा मिळते, मते मिळत नाहीत. तरी सभा घ्यावी. कोणते प्रश्न विचारले, काय उत्तर मिळाले, हिशेबाची कागदपत्रे ठेवली का, हे इतिवृत्तात येते. कलम ११९ प्रमाणे सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त सभासदाला पाहता येते आणि मागितल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत प्रत मिळाली पाहिजे. संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त मात्र नुसत्या भागधारकाला हक्काने मागता येत नाही. ते एनसीएलटीपुढे अर्ज करूनच मागवावे लागते.

दहा टक्क्यांचा उंबरठा आणि गोव्याचा वारसा कायदा

गोव्यातल्या प्रकरणांना वेगळे वळण लागते ते इथे. बाहेरच्या वकिलालाही हा भाग नीट समजावून सांगावा लागतो.

कलम २४१ खाली अर्ज करायला कलम २४४ ची पात्रता लागते. भांडवल असलेल्या कंपनीत १०० सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा भाग, यांपैकी जे कमी ते. किंवा जारी भांडवलाच्या किमान दहाव्या भागाचे धारक. शेअरवरचे सगळे हप्ते भरलेले हवेत. संयुक्त धारक एकच सभासद धरले जातात. पहिला पर्याय लोक विसरतात: सात सभासदांच्या प्रायव्हेट कंपनीत एक सभासदही दहाव्या भागापेक्षा जास्त भरतो, मग त्याचे शेअर दोन टक्के का असेनात. सभासद जास्त असलेल्या कंपनीत मात्र टक्क्याचाच हिशेब करावा लागतो. पात्रता बसत नसेल तर एनसीएलटी सूट देऊ शकते, पण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. टाटा सन्सच्या वादात २०१७ मध्ये मुंबई पीठाने सूट नाकारली आणि एनसीएलएटीने ती दिली, इतका हा मुद्दा पुढे-मागे होऊ शकतो. नवे शेअर काढून तुम्हाला दहाच्या खाली आणले, हीच तक्रार असेल तर ते याचिकेच्या पहिल्या पानांत मांडा आणि तरीही सूट मागणारा अर्ज जोडून द्या.

आता गोव्याचा हिशेब. करार करून वेगळी व्यवस्था केली नसेल तर गोव्यातल्या पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. समजा, ३० सभासदांच्या कंपनीत पतीच्या नावावर १२ टक्के शेअर आहेत. पती वारला, मागे पत्नी आणि तीन मुले. सामाईक मालकीमुळे सहा टक्के मुळातच पत्नीचे. उरलेले सहा टक्के ही वारसा मालमत्ता, प्रत्येक मुलाचे दोन टक्के. मृत्युपत्र असले तरी वडिलांना स्वतःच्या वाट्याच्या निम्म्यापेक्षा जास्त देता येत नाही. राहिलेला निम्मा भाग ‘लेजितिमा’ म्हणून मुलांना राखीव असतो. आणि नॉमिनी मोठा मुलगा असला, तरी शक्ती येझदानी नंतर तो बाराच्या बारा टक्क्यांचा मालक ठरत नाही. ज्योझे पाउलो कुतिन्हो प्रकरणात (१३ सप्टेंबर २०१९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोव्याच्या अधिवासी व्यक्तीच्या गोव्याबाहेरच्या भारतातील मालमत्तेलाही हाच वारसा कायदा लागू होतो. म्हणजे कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईला हलवले म्हणून वारसांचे वाटे बदलत नाहीत.

या उदाहरणात तीस सभासदांचा दहावा भाग म्हणजे तीन. आई आणि तिन्ही मुलांची नावे नोंदवहीत स्वतंत्रपणे लागली तर ते चार सभासद आणि बारा टक्के. दोन्ही कसोट्या पार. तिघांनी लेखी संमती देऊन एकाने सर्वांच्या वतीने अर्ज केला, तरी कलम २४४(२) ला ते चालते. अडचण येते ती नावे लागण्याआधीच भांडण पेटले तर.

यावर दोन निवाडे एकमेकांशेजारी ठेवून वाचा. वर्ल्ड वाइड एजन्सीज विरुद्ध मार्गारेट देसोर (१९९०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत सभासदाच्या वारसांना, नाव नोंदवहीत नसतानाही, दडपशाहीचा अर्ज करू दिला. अरुणा ओसवाल विरुद्ध पंकज ओसवाल (६ जुलै २०२०) मध्ये मात्र मुलाचा अर्ज चालला नाही, कारण वडिलांच्या शेअरमधल्या वाट्यावर दिवाणी दावा चालू होता आणि त्याच्या स्वतःच्या नावावर केवळ ०.०३ टक्के शेअर होते. दोन्ही वाचले की कसोटी कळते: वारसपण निर्विवाद असेल तर दार उघडे, वाट्यावरच वाद असेल तर आधी दिवाणी न्यायालय.

म्हणून गोव्यात क्रम असा ठेवावा. वाद नसेल तर विशेष नोटरीकडे वारसाहक्काचा दस्त करून त्याची प्रत, मृत्यू दाखला आणि शेअर प्रमाणपत्रे किंवा डिमॅट तपशील यांसह कंपनीकडे ट्रान्समिशनचा, म्हणजे शेअर वारसांच्या नावावर करण्याचा, अर्ज द्या. वाद असेल तर इन्व्हेंटरी लावा आणि त्या यादीत शेअर नावानिशी घाला: कंपनीचे नाव, फोलिओ किंवा डिमॅट क्रमांक, शेअरची संख्या, दर्शनी किंमत. ‘वडिलांची सर्व कंपन्यांतील गुंतवणूक’ असे मोघम लिहिले तर आदेशही मोघम येतो आणि कंपनी तो मानत नाही. इन्व्हेंटरी चालू असताना वारशाचा कारभार पाहणारा कबेसा द काझाल त्या शेअरवर कोणती मते देतो, हे लेखी मागून ठेवा. शेअर विकले किंवा गहाण ठेवले जाण्याची भीती असेल तर तिथेच अंतरिम आदेश मागा.

करारातली बंधने

‘आधी मला विचारून मगच शेअर विकायचे’ असे कलम भागधारकांच्या करारात सर्रास असते. प्रायव्हेट कंपनीत ते आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, ही लिहून घ्या. व्ही. बी. रंगराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आर्टिकल्समध्ये नसलेले बंधन कंपनीवर लागू होत नाही. पब्लिक कंपनीत प्रश्न वेगळा होता आणि तो मुंबई उच्च न्यायालयानेच सोडवला. २०१० च्या सुरुवातीला वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन विरुद्ध बजाज ऑटो यात एकल न्यायमूर्तींनी असे कलम मुक्त हस्तांतराच्या विरुद्ध ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेसर होल्डिंग्ज प्रकरणात खंडपीठाने उलट सांगितले: भागधारक आपसात असा करार करू शकतात. २०१३ च्या कायद्यात कलम ५८(२) च्या परंतुकात तेच तत्त्व आले. उच्च न्यायालयाचे मत कायद्याच्या मजकुरात कसे उतरते, ते इथे स्पष्ट दिसते. करार तपासताना त्यावरची तारीख पाहा आणि या तीन टप्प्यांपैकी कुठे बसतो ते ठरवा.

करारात लवादाचे कलम असेल तर समोरचा कलम २४१ चा अर्ज लवादाकडे पाठवा म्हणेल. राकेश मल्होत्रा विरुद्ध राजिंदर कुमार मल्होत्रा (मुंबई, २०१४) याचे उत्तर देतो: दडपशाहीच्या वादात जे आदेश लागतात ते लवाद देऊ शकत नाही, म्हणून तो वाद लवादाकडे जात नाही. पण निव्वळ कराराच्या भांडणाला दडपशाहीचा वेष चढवला असेल तर जातो. त्यामुळे याचिकेत कराराची कलमे मोजत बसू नका. कंपनीच्या कारभारात काय झाले ते तारखांनी सांगा: कोणत्या तारखेला पास-३ भरून कुणाला किती शेअर दिले, डीआयआर-१२ ने कोण संचालक झाला, एमजीटी-७ मधली भागधारकांची यादी कोणत्या वर्षी बदलली. ही कागदपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून पाहता येतात. प्रमाणित प्रती मागवून ठेवा.

आणि एक सावधगिरी. नुसते संचालकपद गेले म्हणून दडपशाही सिद्ध होत नाही, हे टाटा विरुद्ध सायरस इन्व्हेस्टमेंट्समध्ये (२६ मार्च २०२१) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. कंपनी न्याय्य कारणाने बंद करावी इतकी परिस्थिती बिघडली आहे, पण बंद केल्यास अर्जदाराचेच नुकसान होईल, ही दुहेरी बाजू मांडावी लागते.

छोट्यांना बाहेर काढले जाते तेव्हा

भांडवल कपात करून किरकोळ भागधारकांचे शेअर पैसे देऊन रद्द करता येतात. सँडविक एशिया (मुंबई खंडपीठ, २००९) नंतर तत्त्वावर भांडण्यात फारसे हशील नाही. किमतीवर भांडा. कॅडबरी इंडियाच्या प्रकरणात सुरुवातीला १,३४० रुपये देऊ केले होते. आक्षेप, नवे मूल्यांकन आणि काही वर्षांनंतर २०१४ मध्ये न्यायालयाने २,०१४.५० रुपये मान्य केले. मूल्यांकन अहवालाची प्रत मागा, कोणती पद्धत वापरली आणि गोव्यातल्या जमिनी कोणत्या भावाने धरल्या ते पाहा. जुन्या कुटुंब कंपन्यांत खरी किंमत बहुधा जमिनीतच अडकलेली असते आणि ती ताळेबंदात खरेदीच्या भावाने बसलेली असते.

पर्वरीला कधी जावे

एनसीएलटीच्या आदेशावर अपिलाची सोय असल्यामुळे उच्च न्यायालय सहसा रिट (अशा आदेशाविरुद्धची थेट याचिका) ऐकत नाही. पण एल. चंद्रकुमार (१९९७) मुळे त्याचा देखरेखीचा अधिकार कायम आहे आणि व्हर्लपूल (१९९८) मध्ये अपवाद दिलेले आहेत: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान. खाणीशी संबंधित कंपन्यांनी एम्बसी प्रॉपर्टी विरुद्ध कर्नाटक राज्य (३ डिसेंबर २०१९) वाचावा. खाणपट्ट्याला मुदतवाढ नाकारणे हा सरकारचा सार्वजनिक कायद्यातला निर्णय असून तो एनसीएलटी तपासू शकत नाही, असे तिथे ठरले. गोव्यात खाणपट्ट्याच्या वादाला कंपनीतल्या वादाशी जोडून एकाच अर्जात घालण्याचा मोह होतो. दोन्ही वेगळे ठेवा.

निबंधकाची कृती हा दुसरा प्रकार. २०१७ मध्ये विवरणपत्रे न भरल्याबद्दल अपात्र ठरवलेल्या संचालकांचे डीआयएन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक, बंद केले गेले. गुजरात (२०१८) आणि मद्रास (खंडपीठ, २०२०) उच्च न्यायालयांनी डीआयएन बंद करणे रद्द केले. हे निवाडे पर्वरीला मन वळवण्यापुरतेच चालतात, पण पणजीच्या निबंधक कार्यालयाला आधी पत्र लिहितानाही ते जोडण्यासारखे आहेत.

रिट घालताना पहिल्याच परिच्छेदात सांगा की अपिलाची वाट असूनही इथे का आलो, आणि व्हर्लपूलचा कोणता अपवाद लागू होतो. हा परिच्छेद नसलेली याचिका पहिल्या सुनावणीतच ‘पर्यायी उपाय वापरा’ म्हणून परत जाते, आणि तेवढ्यात अपिलाचे ४५ दिवस उलटलेले असतात.